खंडेनवमीला बदललेला पाइप

उचगाव फाट्याजवळच्या जीपगाड्यांच्या एका शोरूममध्ये पद्मावती आदगोंडा बिरनाळे यांनी १९९४ ते २००९ अशी पंधरा वर्षे नोकरी केली. पहिली चार वर्षे टंकलेखक म्हणून, पुढची अकरा वॉरंटी विभागाच्या एकमेव कारकून म्हणून. या काळात त्यांना एकदाही बढती मिळाली नाही आणि एकदाही मेमो मिळाला नाही. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक आश्चर्याची आहे, कारण मालकांशी त्यांचे भांडण झाले नाही असा एकही आठवडा तिथल्या जुन्या नोकरांना आठवत नाही.

त्या मूळच्या शिरोळच्या, ऊस पिकवणाऱ्या जैन घरातल्या. त्या बाजूला थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. शोरूममध्ये वॉचमनपासून मालकांपर्यंत सगळे त्यांना पद्माक्का म्हणत. मालक त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे होते आणि त्यांना सगळे आण्णा म्हणत, त्यामुळे कामाच्या वेळेत तिथे एक अक्का आणि एक आण्णा एकमेकांवर ओरडत असत, आणि नवख्या गिऱ्हाइकाला वाटे की हा घरचाच धंदा आहे.

न पाहिलेली गोष्ट लिहायची नाही, हा पद्मावतीबाईंचा नियम होता. १९९९ साली हेडलाइटच्या काचांचे एक खोके आले. आत तीन काचा फुटल्या आहेत, तशी भरपाई मागा, असे आण्णांनी सांगितले. पद्मावतीबाईंनी खोके उघडायला लावले. दोन फुटल्या होत्या. आण्णांनी तिथल्या तिथे तिसरी फोडली आणि म्हणाले, "आता लिहा." त्यांनी लिहिले. कागद अजून आहे: "वाहतुकीत फुटलेल्या काचा दोन. मालकांच्या हातून एक."

अशा बाईंच्या टेबलावर ११ जून २००३ रोजी कंपनीचे एक पत्र आले. 'शिलेदार' नावाच्या दहा आसनी डिझेल जीपच्या एका खेपेत दोष निघाला होता. फिल्टरकडून पंपाकडे जाणारा रबरी पाइप वर्षभरात चिरत होता, आणि तो नेमका तापलेल्या सायलेन्सरच्या वरून जात होता. त्या खेपेतल्या सगळ्या गाड्या बोलावून पाइप फुकट बदलून द्यायचा होता. उचगावच्या शोरूममधून अशा एकसष्ट गाड्या विकल्या गेल्या होत्या. गाडीमालकांना पाठवायचा मजकूर कंपनीनेच मराठीत तयार करून दिला होता. त्यातले मुख्य वाक्य असे: "सदर वाहनाच्या इंधनवाहक नलिकेमध्ये अकाली शिथिलता संभवत असून तद्योगे अवांछित ज्वलनाची शक्यता सर्वस्वी नाकारता येत नाही."

पद्मावतीबाईंनी ते दोनदा वाचले, बाजूला ठेवले आणि पोस्टकार्डांवर स्वतः लिहिले: "तुमच्या शिलेदार गाडीचा डिझेलचा पाइप खराब निघाला आहे. डिझेल गळून सायलेन्सरवर पडले तर गाडी पेट घेते. पाइप बदलून देतो. पैसे नाहीत. अर्धा तास लागेल. चहा मिळेल."

आण्णांनी कार्ड वाचून कपाळाला हात लावला.

"पेट घेते म्हणून काय लिवलाय, पद्माक्का? लोकं घाबरतील की."

"घाबरावं म्हणूनच पाठवतोय, आण्णा."

"आणि चहा कुणाच्या खिशातनं?"

"ते कार्डावर लिहिलेलं नाही."

चार महिन्यांत साठ गाड्या आल्या, साठ पाइप बदलले गेले. पद्मावतीबाईंच्या वॉरंटीच्या लांब वहीत प्रत्येक गाडीपुढे तारीख, बदललेल्या पाइपाची स्थिती आणि मालकाची सही आहे. उरली एकसष्टावी. तिच्या मालक विठाबाई पोवार, गाव असळज, कोल्हापूरहून गगनबावड्याच्या रस्त्याला चाळीसेक किलोमीटरवर. त्यांना तीन कार्डे गेली. उत्तर नाही. कंपनीला अहवाल पंधरा ऑक्टोबरपर्यंत हवा होता, आणि अशा गाड्यांसाठी कंपनीने एक सोय ठेवली होती. रकान्यात चार हा आकडा लिहायचा. त्याचा अर्थ, मालकाचा ठावठिकाणा लागत नाही.

"चार लिव्ह आणि मोकळी हो," आण्णा म्हणाले.

"ठावठिकाणा लागतोय की. असळज. गाडी रोज गंगावेशीत येती."

"मग?"

"मग चार कसं लिहू?"

दोन ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या सुट्टीत, पद्मावतीबाई स्वतःच्या पैशाने कोल्हापुरात गंगावेशीत, गगनबावड्याच्या जीपा सुटतात तिथे जाऊन त्या गाडीत बसल्या. ही गाडी वडाप होती, म्हणजे एस. टी. यायच्या आत येणारी आणि दहांच्या जागेत सतरा माणसे नेणारी खासगी जीप. चालवत होता विठाबाईंचा धाकटा भाऊ दादासो. मागे लोंबकळून माणसे गोळा करत होत्या स्वतः विठाबाई. वय पंचेचाळीसच्या आसपास, नऊवारी लुगडे, मशेरीने काळे झालेले दात, आणि आवाज असा की रंकाळ्याच्या पलीकडचा माणूसही बावड्याला जावे की काय असा विचार करू लागेल.

"सरका की पावणं! अजून दोघी बसत्यात हितं!"

पद्मावतीबाई सरकल्या. शेजारी बयाबाई नावाच्या म्हाताऱ्या होत्या, मांडीवर पिशवी घेतलेल्या. त्या विठाबाईंच्या शेजारच्या घरातल्या, पण महिनाभर दोघींचे बोलणे बंद होते. बयाबाईंनी भाडे विठाबाईंच्या हातात दिले नाही; पुढच्या माणसाला दिले, त्याने ते विठाबाईंना दिले.

फुलेवाडी मागे पडली आणि पद्मावतीबाईंना वास आला.

"डिझेलचा वास येतोय," त्या मोठ्याने म्हणाल्या.

"डिझेल न्हाय वो," दादासो बिडी ओठाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेत म्हणाला. "मागं कुणाच्या तरी पिशवीत रॉकेल हाय."

"माझ्या पिशवीत सुकट हाय!" बयाबाई उसळल्या. "रॉकेल म्हनं! हुंगून बघ की!"

बयाबाईंनी पिशवीचे तोंड उघडून ती पद्मावतीबाईंच्याच पुढे धरली. जन्मात मासळीकडे न पाहिलेल्या पद्मावतीबाईंनी डोळे मिटले. सुकटीच्या वासाखालून डिझेलचा वास येतच होता, असे त्यांनी त्याच संध्याकाळी टिपून ठेवले आहे. गाडी सांगरूळ फाट्याला थांबली तेव्हा त्यांनी विठाबाईंना खरे सांगितले.

"मी शोरूममधनं आले. ती तीन कार्डं मीच पाठवली."

विठाबाईंनी त्यांना वर-खाली न्याहाळले. त्यांच्या हातात वारा घ्यायला एक पोस्टकार्डच होते, तिसरे.

"म्हंजी त्यो चहा तुझा व्हय!"

"चहा माझाच. पण तुमच्या गाडीचा पाइप गेलाय, विठाबाई. वास येतोय. दादासो बिडी ओढतोय. आत सतरा माणसं आहेत."

"माझी गाडी टिपूस गळत न्हाय. काय रं दाद्या?"

"टिपूस न्हाय," दादासो म्हणाला. तो पुढे बघत होता. रस्ता सरळ होता, तरी त्याने फारच लक्षपूर्वक पुढे पाहिले.

विठाबाईंची अडचण वेगळीच होती, आणि ती वडापाच्या पद्धतीतून आलेली होती. बावड्याच्या लायनीत चौदा गाड्या होत्या. गंगावेशीत ज्याचा नंबर लागेल त्यानेच गाडी भरायची. नंबर सोडून कुणी गेला तर परत आल्यावर शेवटी उभे राहायचे.

"आर्धा तास म्हनं!" विठाबाई म्हणाल्या. "उचगाव गावाच्या त्या टोकाला. जाऊन येईस्तवर मी चौदावी. चौदाव्या गाडीत कोण बसतंय? कुत्रं."

"मग मिस्त्रीला गंगावेशीत घेऊन येते. तुमचा नंबर लागेपर्यंत बदलून देतो."

"आणि बॉनेट उघडायचं? लायनीत? अगं, बॉनेट उघडलं की पाशिंजर उतरून मागच्या गाडीत जातंय. आठवडाभर बोंब हुती, विठीची गाडी बंद पडली म्हणून."

"मग घरी. रात्री."

"दिवं लागल्यावर आमच्यात लोखंड हलवत न्हाईत."

"मग ही गाडी उभी असते तरी कधी?"

विठाबाई हसल्या. "खंडेनवमीला. त्या दिशी समद्या लायनीची सुट्टी. परवा हाय की. ये, पोळी खायाला. पर आदीच सांगतो, त्या दिशी गाडीला हत्यार लागायचं न्हाय."

या संभाषणातले पद्मावतीबाईंनी वहीत फक्त एवढे लिहिले: "मालकांनी शनिवारी, ४ ऑक्टोबरला बोलावले आहे." यात खोटे काही नाही. खरेही सगळे नाही.

तारखेचे महत्त्व त्यांना पुरते कळले होते. शनिवारी खंडेनवमी, रविवारी दसरा. दसऱ्याला असळज, साळवण, तिसंगी, सगळी गावे सोहळा पाहायला कोल्हापुरात उतरतात. त्या दिवशी वडापाची एक खेप सतरावर थांबत नाही, टपावरही माणसे असतात. पाइप शनिवारी बदलला नाही, तर रविवारी पहाटे तो तसाच, बिडीसकट, भरलेल्या गाडीखाली असणार होता. पद्मावतीबाईंना अहवालाची काळजी नव्हती असे नाही. पण त्या रात्री त्यांनी अहवालाच्या कागदावर काहीच लिहिले नाही, फक्त दसऱ्याच्या तारखेखाली एक रेघ ओढली आहे. ती रेघ कागद फाटेल इतकी दाबून ओढलेली आहे.

शनिवारी सकाळी शोरूममध्ये पाने, पक्कडी, जॅक, सगळी हत्यारे लाल कापडावर मांडून त्यांना झेंडू वाहिला होता. आण्णा सोवळे नेसून उभे होते.

"आण्णा, एक मिस्त्री पाहिजे. असळजला."

"आज? आज एक पाना हलला तर वर्षभर शोरूमला अवदसा लागंल!"

"पाना नको. माणूस पाहिजे."

"माणसं पूजेला बसल्यात."

"सगळी नाही बसली," पद्मावतीबाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

पूजेला न बसलेला माणूस उचगावातच, आपल्या घरी, पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करत होता. धम्मपाल शिंगे, शोरूममधला सर्वांत हलक्या हाताचा मिस्त्री. त्यांच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, तेव्हापासून त्यांच्या घरात हत्यारे पूजेला मांडत नाहीत. त्यांची पेटी नेहमीसारखी पलंगाखाली होती, कामाला तयार. मात्र दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन होता आणि त्यासाठीच त्यांनी दोन दिवसांची रजा टाकली होती.

"अक्का, उद्यासाठी पांढरी कापडं काढून ठेवल्यात. आज हात काळं झालं तर उद्यापतुर निघत न्हाईत. वंदनेला हात जोडून उभा राहायचं, आणि नखात ग्रीस."

"रॉकेलनं धू."

"आणि वास?"

"लोकांना सांग, शेजाऱ्याच्या पिशवीत होतं."

धम्मपाल यांनी हा विनोद तेव्हा समजला नसल्याचे सांगितले. ते निघाले मात्र लगेच. त्यांच्या एम-एट्टी दुचाकीवर पेटी पुढे, पद्मावतीबाई मागे, आणि बाईंच्या मांडीवर नवा पाइप व तो आवळायच्या दोन नव्या पट्ट्या.

असळजला गाडी अंगणात उभी होती. धुतलेली, पुसलेली, झेंडूच्या माळा घातलेली. बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटे आणि खण-नारळ. चाकांखाली लिंबे. पुढे पाटावर गाडीचा जॅक आणि चाकाचा पाना, त्यांनाही फुले. विठाबाई ओसरीवर पोळ्या लाटत होत्या. धम्मपाल यांनी पेटी खाली ठेवताच त्या लाटणे घेऊन उठल्या.

"आलीस व्हय! आणि ही पेटी कशाला?"

"बघायला," पद्मावतीबाई म्हणाल्या.

"बघायला डोळं लागत्यात. पेटी न्हाय."

धम्मपाल म्हणाले, "बाई, माझी हत्यारं पुजल्याली न्हाईत. आमच्यात पुजत न्हाईत. त्यास्नी आज सुट्टी न्हाय."

"तुझ्या हत्यारास्नी सुट्टी नसंल. माझ्या गाडीला हाय. सुट्टीवरच्या माणसाला कामाला लावतोस व्हय?"

धम्मपाल यांनी पद्मावतीबाईंकडे पाहिले. ते स्वतः रजेवर होते.

"बरं, हत्यार नको," पद्मावतीबाई म्हणाल्या. "पण आज सणाचं गाडीला तुम्ही काय घातलं? माळ घातली, खण घातला. मी माहेरचं लेणं घेऊन आले. जिथून ही गाडी आली तिथलं. लेण्याला नाही म्हणू नये." आणि त्यांनी पिशवीतून काळा रबरी पाइप काढून खणाशेजारी ठेवला.

विठाबाईंनी त्या पाइपाकडे पाहिले, मग बाईंकडे. त्यांना डाव कळला होता. त्यांना डाव आवडत.

"लेणं होय! मग घाल की. पर हातानं. लेणं घालायला कुणी पाना आणत न्हाय."

त्यांनी स्वतःच खण-नारळ उचलला, माळ बाजूला सारली आणि बॉनेट वर केले. पद्मावतीबाई वाकल्या. धम्मपाल वाकले. विठाबाई सगळ्यांत खाली वाकल्या आणि तशाच राहिल्या.

जुन्या पाइपाला मधोमध एक चिंधी गुंडाळली होती, तिच्याखाली कपड्याचा साबण थापलेला. चिंधी डिझेलने ओली गच्च होती. पण विठाबाई डिझेल पाहत नव्हत्या. चिंधी हिरवी होती आणि तिला गुंजा रंगाचा काठ होता.

"ह्यो काठ माझ्या लुगड्याचा हाय," त्या हळूच म्हणाल्या.

दादासो अंगणातून गोठ्याकडे निघाला होता.

"दाद्या! उभा ऱ्हा!"

"अक्के, आईक तर—"

"गौरीच्या सणाला वाळत घातल्यालं लुगडं! म्हयना झाला, त्या बयीला चोर म्हणतोय मी! भिताडावरनं शिव्या देतोय! आणि माझं लुगडं माझ्याच गाडीत?"

भिंतीपलीकडून बयाबाईंचा आवाज आला, सगळे शब्द नीट ऐकू आल्याचा. "सापडलं व्हय गं लुगडं?"

धम्मपाल यांनी चिंधीखाली बोट घातले आणि ते सायलेन्सरच्या नळीवरून फिरवले. तिथे हाताएवढा काळा डाग होता.

"दादासो, हितं जळालंय. हे कधीचं?"

दादासोने गोठ्याकडे पाहिले.

"मी इचारतोय, कधीचं?" विठाबाई म्हणाल्या.

"गौरीतच. कळे गावाच्या आलीकडं. वाईच धूर झालता. मी पाणी मारलं, मग चिंधी... घाईत वाळत हुतं ते फाडलं."

"पाशिंजर?"

"सोळा. मी म्हणलो, इंजान तापलंय. बसून ऱ्हायली समदी."

विठाबाईंनी त्या डागावर स्वतःचे बोट ठेवले. गौरीत त्या माणसे गोळा करायला मागच्या फळीवर उभ्या असणार, आणि धूर पुढून निघाला असणार. मग त्यांनी पदराला बोट पुसले.

"बदला," त्या म्हणाल्या. "आजच बदला. उद्या दसरा हाय." आणि लगेच, "पर हत्यार न्हाय."

"बाई, जुना पाइप मी हातानं वडून काढतो," धम्मपाल म्हणाले. "नवा दाबून बसवतो. पर पट्टीचा स्क्रू फिरवायला कायतरी पायजेच. नखानं फिरत न्हाय त्यो."

विठाबाई पाटाकडे गेल्या आणि विड्यावर ठेवलेले नाणे उचलून त्यांनी धम्मपाल यांच्या तळहातावर ठेवले. "ही लक्ष्मी. ही हत्यार न्हवं. फिरव हिनं."

हे नाणे नेमके कोणते, याबद्दल दोन हकिकती आहेत. धम्मपाल एक रुपया म्हणतात, विठाबाई आठ आणे. वहीत उल्लेख नाही. त्याच बनावटीच्या पट्टीची खाच तपासली असता आठ आण्याचे नाणे तीत बसते. रुपया काठापाशी अडतो. म्हणून येथे विठाबाईंचे म्हणणे धरले आहे. काम मात्र अर्ध्या तासात झाले नाही, याबद्दल दोघांचे एकमत आहे. दोन तास लागले. नाणे सतरा वेळा निसटले, त्यातल्या तीन वेळा इंजिनात पडले, आणि प्रत्येक वेळी दादासोला गाडीखाली आडवा करून ते शोधायला लावण्यात आले. बयाबाई तोवर भिंतीवरून हा सोहळा पाहायला आल्या होत्या आणि त्यांनी पोळीही तिथेच उभ्याने खाल्ली. ती विठाबाईंनीच नेऊन दिली, न बोलता.

काम संपल्यावर धम्मपाल यांनी हात पुसत सांगितले, "हे नाण्यानं आवळलंय. गाडी उभी आसस्तवर ठीक. सतरा माणसं घेऊन चाळीस किलोमीटर न्हाय. उद्या गाडी हलायच्या आदी स्क्रू ड्रायव्हरनं दोन आटं अजून. आणि वाटंत बघत जायचं."

"उद्या पहाटे खंडेनवमी संपली," पद्मावतीबाई म्हणाल्या. "पण उद्या धम्मपाल येऊ शकत नाहीत. दादासो आवळेल?"

सगळ्यांनी दादासोकडे पाहिले.

"मला दाव," विठाबाई म्हणाल्या.

धम्मपाल यांनी स्क्रू ड्रायव्हर पेटीतून न काढता, नुसत्या बोटाने हवेत फिरवून दाखवले: कुठे, किती, कोणत्या बाजूला. मग स्क्रू ड्रायव्हर पेटीतून काढून, कापडात गुंडाळून पाटावर जॅकशेजारी ठेवला. विठाबाईंनी त्याच्यावर एक फूल टाकले. धम्मपाल यांनी हरकत घेतली नाही. ते परतीच्या वाटेवर एवढेच म्हणाले की पहिल्यांदाच त्यांच्या हत्याराला सुट्टी मिळाली.

आण्णांनी त्या संध्याकाळी सही करून फाइल बंद करायला सांगितले. "पाइप बदलला नव्हं? मग झालं."

"आवळलेला नाही अजून."

"उद्या ती आवळंल की."

"उद्या लिहिते."

रविवारी पहाटे साडेसहालाच पद्मावतीबाई गंगावेशीत उभ्या होत्या. असळजहून पाचला निघालेली गाडी साडेसहाला पोचते. सात वाजले. बावड्याच्या लायनीतल्या एकामागून एक गाड्या येऊन माणसे ओतून गेल्या. साडेसात. प्रत्येक ड्रायव्हरला त्यांनी विचारले, विठाबाईंची गाडी वाटेत दिसली का. एक म्हणाला कळ्याला दिसली, उभी. दुसरा म्हणाला दोनवड्याला दिसली, तिथेही उभी, आणि माणसे खाली उतरलेली. पद्मावतीबाईंनी पर्समधून कंपनीचा कागद काढला, परत ठेवला, पुन्हा काढला. आठला त्यांनी एस. टी. स्टँडवरून फोन करायचा ठरवले, पण कुणाला करायचा ते त्यांना सुचेना.

साडेआठला गाडी आली. आत सतरा, टपावर पाच, आणि सगळे एकाच वेळी तक्रार करत.

"पाच येळा उतरिवलं आमास्नी!"

"फुलेवाडीपाशी उतरिवलं! कोल्हापूर दिसतंय आणि म्हणती उतरा!"

"माजी लेक फटफटीवरनं येऊन, देवीला जाऊन परत गेली आसंल!"

विठाबाई मागच्या फळीवरून उडी मारून खाली आल्या. पुढे दादासोच्या ओठांत काही नव्हते. तो फार दुःखी दिसत होता. विठाबाई थेट पद्मावतीबाईंपुढे येऊन उभ्या राहिल्या. कोपरापर्यंत धूळ, कपाळावर मळवट पुसलेला.

"चार वाजता आवळलं. पाच ठिकाणी वाकलो. पाइपाला, पट्टीला, खालच्या नळीला, समदीकडं बोट लावलं."

"आणि?"

विठाबाईंनी उजव्या हाताचे बोट त्यांच्या नाकाशी धरले. "हुंग."

पद्मावतीबाईंनी वास घेतला. एकदा, आणि खात्रीसाठी दुसऱ्यांदा.

"कशाचा येतोय?"

"मशेरीचा."

"आणि?"

"आणि कशाचाच नाही."

"मग लिव्ह तसं. आणि सर बाजूला, माझा नंबर लागतोय."

पद्मावतीबाईंनी जीपच्या बॉनेटवर, सुकलेल्या झेंडूच्या शेजारी कागद ठेवून तिथेच लिहिले. तो कागद कंपनीकडे गेला. त्याची कार्बन प्रत वहीत आहे. तपासणीच्या निष्कर्षाचा रकाना भरताना त्यांनी कंपनीची कोणतीही ठरीव भाषा वापरलेली नाही. गाडी क्रमांक एकसष्ट. पाइप नवा. गळती नाही. वास: मशेरी.